आधी पुठ्ठ्याचं, मग खरं

लोक घरात वस्तू आणतात आणि मग ती कुठे ठेवायची म्हणून भांडतात. आमच्याकडे उलटं. आमच्याकडे वस्तू यायच्या आधीच जागेवर ठेवलेली असते, आणि आम्ही तिला ठेचकाळत भांडत असतो. ही सगळी कृपा आमच्या ह्यांची.

ह्यांचं नाव रामदास. पिंपरीच्या एका फाउंड्रीत आयुष्यभर पॅटर्न शॉपला होते. म्हणजे लोखंडाचा भाग ओतायच्या आधी हुबेहूब तसाच लाकडाचा पॅटर्न करायचा, त्याचा वाळूत साचा घ्यायचा आणि मग त्यात रस ओतायचा. लाकडाचं चुकलं की लोखंडाचं चुकलंच. "आधी लाकडाचं, मग खरं" हे ह्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की रिटायर झाले तरी निघालं नाही. आता लाकूड परवडत नाही, म्हणून पुठ्ठा. सोफा आधी पुठ्ठ्याचा आला होता. त्याच्यावर पाहुणे बसायला लागले तेव्हा मला ओरडायला लागलं.

आमचं घर येरवड्यात, तिसऱ्या मजल्यावर. हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. माणसं चार: हे, मी प्रेमला, मुलगा प्रज्ञेश आणि सून मैत्री. मैत्री खराडीला आयटीत आहे. गेल्या वर्षी स्वयंपाकघरातलं एक गंजकं कपाट आम्ही भंगारात काढलं आणि बाथरूमच्या दाराशेजारी एक कोपरा मोकळा झाला. एक मशीन मावेल एवढा. दुसरं ठेवायचं तर माणसांपैकी कुणीतरी बाहेर झोपायचं.

मैत्रीला बोनस मिळाला होता. ती म्हणाली, "आई, त्या कोपऱ्यात एक मस्त मशीन घेऊया, माझ्याकडून." झालं. घरात निवडणूक लागली.

मैत्रीला डिशवॉशर हवा होता, कारण ऑफिसातून आल्यावर रात्रीची भांडी ती घासते. ह्यांना घरघंटी हवी होती, कारण ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत दळणाच्या रांगेत हे उभे राहतात. मला वॉशिंग मशीन हवं होतं, कारण कपडे मी धुते. प्रज्ञेशला काहीच नको होतं. घरातलं कुठलंच काम ज्याच्याकडे नाही त्याला मशीन कशाला लागतंय?

माझं कारण नुसतं कपड्यांचं नव्हतं, ते सांगते. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. शाळेत मी लेझीमच्या पथकात पहिल्या रांगेत असायचे. नाशिकपर्यंत जाऊन बक्षीस आणलंय मी. लग्न झालं आणि लेझीम सुटली. आमच्या विहारातल्या महिला मंडळाचं पथक दरवर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला मिरवणुकीत खेळतं, आणि दरवर्षी मी पांढरी साडी नेसून फुटपाथवर उभी. कारण सराव सकाळी सातला. सातला मी कुठे? बाथरूममध्ये, ढिगापुढे. खडकवासला धरण भरलेलं असो की आटलेलं, आमच्या नळाला पाणी सकाळीच येणार आणि हां हां म्हणता जाणार. एकदा का जीन्स पिळायला बसलं की खांदा असा धरतो की लेझीम सोडा, कंगवा उचलवत नाही.

यंदा मंडळाची पुढारीण उल्का घरी आली. "जय भीम ताई. पहिल्या रांगेतली मधली जागा तुमची ठेवलीय. पण पहिल्याच दिवसापासून सरावाला यायचं. नाही आलात तर जागा दुसरीला. मग माझ्यावर रुसायचं नाही." उल्का माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, पण बोलते सासूसारखी.

मशीन असतं तर काम सोपं. कपडे टाकायचे, बटण दाबायचं, चपला घालायच्या. मी घरात तसं सांगून टाकलं. मैत्री लगेच म्हणाली, "आई, मग वॉशिंग मशीनच. डन!" पण आमचे हे. "घाईने घेतलेली वस्तू घरभर नाचते," म्हणाले. "तिन्ही करून बघू."

भंगारवाल्याकडून खोकी आली. स्वयंपाकघरात बसून ह्यांनी टेप, कटर आणि खळीने आधी डिशवॉशर उभा केला. दुकानात जाऊन मापं आणलेली, एक सूतही इकडेतिकडे नाही. दाराला बिजागरी म्हणून कापडी पट्टी. खालच्या बाजूला उघडणारं दार, अगदी खऱ्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी मैत्रीने हौसेनं ते दार उघडून दोन कपबशा आत ठेवल्या, आणि नेमका प्रज्ञेश बाथरूममध्ये. बाथरूमचं दार बाहेर उघडतं. ते अडलं. आतून हा ओरडतोय, "माझी मीटिंग आहे!" आणि बाहेर हे शांतपणे मापाची टेप लावून म्हणतायत, "बघ, दुकानदार हे सांगत नाहीत." आधी पोराला बाहेर काढा की! डिशवॉशर बाद झाला.

मग घरघंटी. तिला तर ह्यांनी चाकंसुद्धा काढली स्केच पेनने. दोन दिवसांत खालच्या मजल्यावरच्या गोदाबाई डोक्यावर डबा घेऊन वर. गोदाबाई मूळच्या बार्शीकडच्या, मनाने मोकळ्या आणि आवाजाने त्याहून मोकळ्या. "आवं वहिनी, गिरण आणली म्हनं तुमी. माझी येवढी ज्वारी दळून द्या की."

"गोदाबाई, ती पुठ्ठ्याची आहे."

त्यांनी जवळ जाऊन टकटक वाजवून बघितलं. मग ह्यांच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे, फार कणवेने. "डॉक्टरला दावलं का?" म्हणाल्या.

घरघंटी ह्यांनी स्वतःच मागे घेतली. आवाज फार होईल, पीठ उडेल, अशी कारणं दिली. खरं कारण मला ठाऊक आहे. दळणाच्या रांगेत ह्यांचे दोन मित्र भेटतात, तिथे अख्ख्या पुण्याचा कारभार चालतो. घरात दळण झालं तर कारभार कोण बघणार?

उरलं वॉशिंग मशीन. पुढून दार असलेलं, गोल काचेचं. काचेच्या जागी ह्यांनी पारदर्शक प्लास्टिक लावलं. ते पुठ्ठ्याचं मशीन इतकं छान जागेत बसलं की आमची सगळ्यांची त्याच्याशी गट्टीच जमली. मैत्री झोपेत मोजे आत टाकायची. मी वर भाजीची टोपली ठेवायला लागले. बाथरूमचं दार उघडत होतं, फ्रिजचं उघडत होतं, मागून पाइपला जागा होती. पण हे काही हो म्हणेनात. "अजून चार दिवस राहू दे. अंगवळणी पडू दे."

"अहो, सराव सोमवारपासून आहे! मी काय पुठ्ठ्यात कपडे धुऊ?"

"पॅटर्न पास केल्याशिवाय ओतकाम नाही," हे म्हणाले.

शेवटी मैत्रीने पुठ्ठ्याच्या मशीनवर मार्करने 'पास' असं लिहिलं आणि बाबांपुढे सही करायला पेन धरलं. ह्यांनी गंभीर चेहऱ्याने सही केली. रविवारी मशीन येणार असं ठरलं. मी लेझीम माळ्यावरून काढून, तेल लावून ठेवली. खोटं कशाला बोलू, आरशासमोर दोन-चार ठेकेही घेतले.

रविवारी दुपारी दुकानाची दोन माणसं घामाघूम होत मशीन तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली. ह्यांनी पुठ्ठ्याचं मशीन बाजूला सारून जागा आधीच पुसून ठेवली होती. मशीन हॉलमधून आलं. स्वयंपाकघराच्या दारातून आलं, अगदी घासून, पण आलं. आणि थांबलं. कारण दारातून आत पाऊल टाकलं की समोर ओटा. कोपऱ्याकडे जायचं तर तिथे वळायला लागतं. मशीन वळेना. आडवं केलं, वळेना. उभं तिरकं केलं, वळेना. एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला बिल्डिंगचा कॉलम.

त्या माणसांतला मोठा होता तो बाजूला सारलेल्या पुठ्ठ्याच्या मशीनकडे बघत म्हणाला, "काका, हे तर एवढंच आहे की. हे कसं आत नेलंत?"

ह्यांनी ओट्यापासून कॉलमपर्यंत टेप धरून बघितली. मग म्हणाले, "नेलं नाही. आतच बनवलं."

कुणी हसलं नाही, आणि ते फार वाईट झालं. मैत्रीने तोंड फिरवलं. गोदाबाई दारात उभ्या राहून "ओटा फोडा!" म्हणत होत्या. हॉलमध्ये ठेवावं तर तिथे ना नळ, ना पाणी सोडायला जागा. दुकानात फोन केला. मशीन परत घेतो म्हणाले, छोटं मागवावं लागेल, ते जयंतीनंतरच. दोघं माणसं मशीन उचलून परत जिना उतरली.

आणि मग मी फुटले. "माप, माप, माप! सगळं मोजलंत, वळण तेवढं राहिलं? चार दिवस आधी आणलं असतं तर चार दिवस आधी कळलं असतं! एक गोष्ट मागितली होती मी आयुष्यात. एक! सोनं मागितलं नव्हतं. जरा सकाळ मोकळी मागितली होती." हे ओट्याला टेकून उभे होते. चाळीस वर्षांत ज्या माणसाचा पॅटर्न परत आला नाही तो माणूस टेपची पट्टी नुसती आत-बाहेर करत होता. मला ह्यांची दया आली आणि त्याचाही राग आला. मी उल्काला फोन करायला मोबाईल उचलला.

"फोन करू नकोस," हे म्हणाले. "उद्या जा तू."

"आणि कपडे?"

"जा म्हटलं ना."

मला वाटलं, लाजेपोटी बोलतायत. सकाळी उठले तर शेजारी हे नाहीत. बाथरूममधून नळाचा आवाज. जाऊन बघते तर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाटावर बसून, हे प्रज्ञेशच्या जीन्सवर ब्रश मारतायत. कानाला फेस लागलेला.

"अहो! हे काय?"

"दिसत नाही का? दारातून आत आलो, वळलो, जागेत बसलो. मापात आहे मी." मग ब्रश न थांबवता म्हणाले, "सात वाजत आले. निघ. ती उल्का जागा दुसरीला देईल."

मी तशीच साडी खोचली, लेझीम घेतली आणि जिना उतरले. रस्त्यावर आले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चक्क गुणगुणतेय.

पहिल्या दिवशी दोन बनियन मैत्रीच्या कुर्त्याच्या रंगाने निळे झाले. ह्यांनी ते उजेडात धरून बघितले. "जयंती आलीय. चालतंय," म्हणाले आणि वाळत टाकले. दांडीवरचे कपडेही बघण्यासारखे. लांबीप्रमाणे लावलेले, दोन कपड्यांमध्ये सारखं अंतर. मैत्रीने फोटो काढून ऑफिसात सगळ्यांना पाठवला. तिसऱ्या दिवशी प्रज्ञेश वडिलांच्या समोरून चहाचा कप घेऊन जात होता, तर हे म्हणाले, "साहेब, तुमची जीन्स जड आहे. पिळायला या." प्रज्ञेश आला. रोज यायला लागला. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं.

सरावात माझे हात आधी थोडे अडखळले, मग जुनं सगळं आठवलं. खांदा धरला नाही, कारण पिळणं दुसऱ्यांच्या खांद्यांवर गेलं होतं. गोदाबाईसुद्धा बघायला यायच्या. एकदा सगळ्या बायका पाणी प्यायला थांबलेल्या असताना उल्का म्हणाली, "ताई, एवढ्या वर्षांत कधी आला नाहीत आणि यंदा एक दिवस चुकवला नाहीत. मशीन घेतलंत म्हणे? कुठलं घेतलंत? माझ्याही मनात आहे."

"नवं कुठलं हो," मी म्हटलं. "घरात जुनंच होतं. चालू करायचं तेवढं राहून गेलं होतं."

आधी कुणाला कळलं नाही. मग गोदाबाई एवढ्या जोरात हसल्या की मैदानावरची कबुतरं उडाली. पाठोपाठ सगळी रांग हसायला लागली आणि उल्काने शिट्टी वाजवली तरी थांबेना. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते नुसतं हसण्याचं नव्हतं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांना आवडलं, पण तसं दाखवतील ते हे कसले? म्हणाले, "मग बटण आधीच दाबायचं होतंस. कुणी धरला होता हात?"

"दाबलं असतं हो," मी म्हटलं, "पण तुम्ही आधी पुठ्ठ्याचा नवरा करून बघितला असतात."

जयंतीच्या दिवशी घरात पाहुणे होते, त्यामुळे कपड्यांचा डोंगर. मिरवणूक निघायची वेळ झाली, हलगी तापली, आमच्या रांगा लागल्या. निळा फेटा बांधून मी मध्ये उभी. मैत्री, प्रज्ञेश, गोदाबाई सगळे कडेला दिसत होते, हेच दिसेनात. मी टाचा उंचावून बघत होते. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत हे आले. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत ओल्या. मला बघून ह्यांनी नुसती मान हलवली, शॉपमध्ये एखादा पॅटर्न पास करताना हलवत असतील तशी. उल्काने शिट्टी वाजवली आणि मी पहिला ठेका दिला.