पिराची बट

माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यावर मागच्या बाजूला पिराची बट होती. त्याच्या आधीची आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली, तेव्हा तिनं परांड्याच्या किल्ल्याजवळच्या एका लहानशा दर्ग्यात नवस बोलला होता. लेकरू पाच वर्षांचं होईतो बटेला कात्री लावायची नाही, आणि लावायची ती दर्ग्याच्या मुजावरानंच. आमच्या घरी गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि पोर मात्र पिराचं. निजामाच्या मुलखात यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

पाच वर्षं भरली ती नेमकी पोलीस ॲक्शनच्या साली. त्याआधी रझाकारांनी आमच्या गावच्या गंजी पेटवल्या होत्या, आणि आम्ही सरहद्दीपलीकडं बार्शीच्या बाजूला पालं ठोकून दिवस काढले होते. मग हिंदुस्थानची फौज आली, निजाम शरण गेला, आम्ही परत आलो. त्या भाद्रपदात गावोगावचे पुरुष जथ्यानं कुठं कुठं जाऊन आले. कुठं, ते बायकांना कुणी सांगितलं नाही. विषय निघालाच तर वडील म्हणत, सुक्याबरोबर ओलंही जळतं. ही म्हण ऐकली की आजही माझं डोकं उठतं. ओलं आपसूक जळत नाही, ते कुणीतरी जाळावं लागतं.

दिवाळीनंतर भावाला ताप भरला तो हटेना. आईनं धसका घेतला, की नवस राहिला म्हणूनच हे. वडील म्हणाले, न्हाव्याला बोलवू, दारातच बट काढू, पीर काही बघायला येत नाही. आईनं अन्नपाणी सोडलं, तेव्हा कुठं त्यांनी गाडी जुंपली.

परांडा मला उरुसातला माहीत होता. खंदकाच्या कडेनं मिठाईची दुकानं, एकीकडं मठातलं भजन, दुसरीकडं कव्वाली, आणि बुरुजावरच्या तोफेला हात लावायला पोरांची झुंबड. त्या दिवशी तटाखालच्या गल्लीत निम्म्या घरांना कुलपं होती, काहींना दारंच नव्हती. बैलांना पाणी दाखवतो म्हणून वडील वेशीपाशीच थांबले. आई, तिच्या कडेवर भाऊ आणि मी, असे आम्ही आत गेलो.

मुजावराच्या बायकोला आई दरवर्षी हिरवा चुडा न्यायची. दर्गा म्हणजे लेकराचं आजोळ आणि ती तिथली भावजय, असं तिनं मानलं होतं. सवयीप्रमाणं तिनं दारातूनच हाक मारली, "भाबी, चुडा आणलाय, हात पुढं करा."

पडद्याआडून बाई आली. तिनं हात पुढं केले ते मोकळे. मनगटावर काचेचा एक तुकडा नव्हता. आईच्या पदरातल्या बांगड्या किणकिणल्या आणि तिनं त्या मुठीत घट्ट धरल्या. मला इतकी लाज वाटली, की मी दाराबाहेरच बघत राहिले.

बाई इद्दतीत होती. नवरा गेल्यावर त्यांच्यात बाईनं काही महिने उंबरा ओलांडायचा नाही, परक्या पुरुषासमोर यायचं नाही. तिनं आम्हाला आत घेतलं आणि सांगितलं. जथा दारात आला, तेव्हा मुजावराला वाटलं कुणाचं पोर आजारी आहे, ताईत मागायला आलेत. तो अनवाणीच बाहेर गेला. मग ती खाली बघत म्हणाली, "तुमच्या गावचे बी लोक होते त्यात."

"कोण?" आईनं विचारलं.

तिनं कोनाड्यातली कात्री काढली आणि पोराला पुढं द्या म्हणाली. आईनं भावाला छातीशी ओढून धरलं. माझी आई भ्याली होती. बाईच्या हातातल्या त्या कात्रीला भ्याली, आणि ते बाईला दिसलं.

"भिऊ नका, अक्का," ती म्हणाली. "पोरगं पिराचं हाय."

मग तिनं त्याला मांडीवर घेतलं, बट कापली, हिरव्या फडक्यात बांधली आणि नवरा घालायचा तशी त्याच्या कपाळावर फुंकर घातली. आईनं तिचे पाय धरले. नावं सांगा म्हणून पुन्हा पुन्हा विनवलं.

"सांगून काय? तुमाला त्याच गावात ऱ्हायचंय."

भाऊ वाचला. आज त्याला नातवंडं आहेत. आई मात्र त्या दिवसापासून गावात कुणाला धड बसू देईना. पाणवठ्यावर, मळणीत, लग्नाच्या पंगतीत ती बायकांना विचारायची, तुझा मालक त्या भाद्रपदात कुठं होता? जिवाभावाच्या मैत्रिणी तुटल्या. सख्ख्या भावालाही तिनं तोंडावर विचारलं, आणि माहेर बंद झालं. वडलांबरोबर तिनं पुढं उभा जन्म काढला, त्यांना दोन्ही वेळा गरम भाकरी वाढली. त्यांना तिनं कधीच विचारलं नाही.