मानाचा राजीनामा

दुबईतल्या अल मनखूलच्या त्या जुन्या इमारतीत नोकरी जाण्याच्या विम्याबद्दल कुणाला काही विचारायचं असलं, की लोक तिसऱ्या मजल्यावर दळव्यांकडे जात. सूर्यकांत दळवी काही विमा एजंट नव्हते. एका बांधकाम कंपनीत पर्चेस ऑफिसर होते. पण सरकारनं हा विमा नोकरदारांना सक्तीचा केला तेव्हा त्यांनी नियम मुळापासून वाचून काढले, आणि वाचलेलं दुसऱ्याला समजावल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे.

“महिन्याला पाच दिरहम. म्हणजे आपले शंभर-सव्वाशे रुपये,” ते सांगत. “वर्षभर सलग भरा. जॉब गेला की बेसिकचे साठ टक्के मिळतात, तीन महिने. पण कंपनीनं काढलं तरच हां! रिझाइन केलंत की खलास.”

हे शेवटचं वाक्य ते बोट उगारून म्हणत. कंपनीचा ड्रायव्हर मोहिद्दीन, रत्नागिरीकडचा, त्यानं ते इतक्या वेळा ऐकलं होतं की गाडी चालवता चालवता तो दळव्यांची नक्कल करून दाखवायचा.

नोव्हेंबरमध्ये कंपनीनं माणसं कमी करायला घेतली. एचआरच्या नीरवनं दळव्यांना केबिनमध्ये बोलावलं. पोरगा त्यांच्या निम्म्या वयाचा. त्यानं दोन कागद पुढ्यात ठेवले.

“सर, आपकी मर्ज़ी. टर्मिनेशन लेटर लीजिए, या रिझाइन कर दीजिए. आप इतने सीनियर हैं, रेझिग्नेशन अच्छा दिखता है.”

आता दळव्यांना काय म्हणावं? अख्ख्या इमारतीला जे बजावून बजावून सांगितलं, ते त्या क्षणी त्यांना आठवत नव्हतं असं नाही. चांगलं आठवत होतं. पण त्याहून जास्त आठवत होते वसंतकाका. सांगलीच्या कारखान्यातून काकांना एकदा काढलं होतं, आणि पुढं जन्मभर लग्नाच्या पंगतीत त्यांची ओळख तीच राहिली. हाच तो, ह्यालाच काढलेला. लहानपणी सूर्यकांतही काकांना हसले होते. टर्मिनेशन हा शब्द कागदावर आपल्या नावाशेजारी बघून त्यांनी तो कागद उलटा ठेवला. त्यांनी दुसरा कागद ओढला आणि सही केली.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, “कंपनीनं माणसं कमी केली.”

छायावहिनी घाबरल्या, पण लगेच सावरल्या. “तुमचा विमा आहे ना? जानेवारीचा भाड्याचा चेक निघेल त्यातून. मार्चपर्यंत कसंही ढकलू. शुभ्राची अकरावी तरी इथं पुरी होऊ दे.”

ग्रॅच्युइटी बँकेनं कर्जापोटी परस्पर अडवली होती. आता सगळी भिस्त त्या विम्यावर. शाळा मधेच सोडली तर मुलीचं वर्ष गेलं, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

“हं,” दळवी म्हणाले.

त्या एका ‘हं’वर त्यांनी कित्येक दिवस काढले. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून नोकरी शोधायला बाहेर पडायचे. पन्नाशीच्या माणसाला कोण विचारतो! संध्याकाळी छायावहिनी विमा कुठवर आला म्हणून विचारत. हे म्हणत, “प्रोसेसमध्ये आहे.”

एका रविवारी मोहिद्दीन आला. त्यालाही त्याच आठवड्यात काढलं होतं. हातात बायकोनं, खतीजानं, केलेल्या सांदणांचा डबा, आणि चेहरा नुसता फुललेला.

“साहेब, विम्याचे पहिल्या महिन्याचे पैसे जमा झाले बघा! नीरवसर मला पण बोलले, रिझाइन कर, अच्छा दिखता है. मी म्हटलं, ना बाबा, काढायचं तर काढा. तुमचं ते बोटच डोळ्यांपुढं आलं.” मग तो छायावहिनींकडे वळला. “तुमचे पण आले असतील ना, वहिनी?”

“अजून नाही. प्रोसेसमध्ये आहे म्हणे.”

“अजून? साहेबांनी तर माझ्या आधी अर्ज केला असेल!”

दळव्यांनी मान वर केली नाही. “मी अर्ज केलाच नाही,” ते म्हणाले. “मी राजीनामा दिला.”

शुभ्रा जेवणाच्या टेबलावर फिजिक्स करत बसली होती. तिनं पेन खाली ठेवलं.

“बट बाबा, यू टोल्ड एव्हरीवन!”

मोहिद्दीन अवघडून उठला. डबा तसाच ठेवून, चहा न घेताच गेला. बिचाऱ्याला वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं.

दार लागल्यावर छायावहिनींनी एवढंच विचारलं, “का?”

“वसंतकाकांसारखं व्हायचं नव्हतं मला.”

“काकांना जाऊन वीस वर्षं झाली हो,” त्या म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. “माझ्या मुलीचं वर्ष आत्ता जातंय.”

डिसेंबरअखेरची, भारतात परतायची तिकिटं काढली. फ्लॅट सोडायचं ठरलं. सोफा, फ्रिज मिळेल त्या किमतीला गेले. शुभ्रा भांडली नाही, रडली नाही, फक्त बाबांशी बोलायची थांबली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

निघायच्या आधी पुण्याहून मोठ्या भावाचा फोन आला. दळव्यांनी सवयीनं स्पीकर लावला.

“काय रे सूर्या, असं अचानक? कंपनीनं काढलं की काय?”

एवढ्या एका प्रश्नासाठी तर सगळं केलं होतं. उत्तर तयार होतं, खरंही होतं. पण शुभ्रा समोर पुस्तकं खोक्यात भरत होती, आणि तिच्यादेखत ते द्यायची दळव्यांना लाज वाटली.

छायावहिनींनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

“नाही हो दादा,” त्या म्हणाल्या. “कुणी काढलं नाही. ह्यांनीच सोडली.”

मग फोन ठेवून त्या शुभ्राच्या खोक्याला चिकटपट्टी लावायला बसल्या.