मागच्या ताईंची सायकल

पुढे कसं जावं हे शिकवणारे पैशाला पासरी मिळतात. मागे कसं राहावं हे जाणणारं माणूस मात्र शोधावं लागतं. ताई बावीस वर्षं मागे राहिल्या आणि त्यात त्यांनी एक दिवस खाडा केला नाही.

पठारावरच्या जुन्या दगडी गावांमधून सात दिवसांची सायकल सहल काढणारी एक छोटी कंपनी होती. गावं सात-आठशे वर्षांपूर्वीची. प्रत्येकाला तटबंदी, प्रत्येकाला वेस, आणि सगळी टेकाडांच्या माथ्यावर, कारण वसवणाऱ्यांना शत्रूची काळजी होती, सायकलवाल्यांच्या गुडघ्यांची नव्हती. वीसेक माणसं सहलीला येत. सगळ्यांच्या पुढे वाटाड्या, सामानाची गाडी दुसऱ्या रस्त्याने, आणि सगळ्यांच्या शेवटी ताई. काम एवढंच की जो सगळ्यात हळू असेल त्याच्याही मागे राहायचं आणि संध्याकाळी वेशीतून शेवटचं आत शिरायचं. बावीस वर्षांत त्यांनी एकालाही ओलांडलं नव्हतं. लोकांचे चेहरे त्यांना जेवताना दिसायचे, दिवसभर दिसायच्या त्या पाठी. पाठीवरून त्यांना सगळं कळायचं. खांदे कानांकडे सरकले की मांड्या भरून आल्या. मान डोलायला लागली की पाणी संपलंय आणि मागायची लाज वाटतेय.

अशा बाईंच्या नावाला एकच बट्टा होता, तो म्हणजे त्यांची सायकल. तिची चेन उतरायची. एका सहलीत सहा-सात वेळा, आणि तीही नेमकी चढावर.

यात खरी पंचाईत मिस्त्रींची. मिस्त्री म्हणजे ताईंचे यजमान, सामानाच्या गाडीतून प्रत्येक सहलीला बरोबर असणारे. कंपनीच्या झाडून सगळ्या सायकली त्यांच्या हाताखालून जायच्या आणि एकही कुरकुरायची नाही. बायकोचीच तेवढी रडकी. "मिस्त्री, दिव्याखाली अंधार!" असं लोक त्यांना तोंडावर म्हणत. बिचाऱ्यांनी तीन चेन बदलल्या, दातेरी चाकं बदलली, शेवटी हात टेकले.

दुसऱ्या वर्षी एका सकाळी सायकल उलटी करून ते पुसत होते. पुसता पुसता फडकं थांबलं. चेन आपोआप उतरली की जाताना फ्रेमला ओरखडा काढून जाते, हे कोणताही मिस्त्री सांगेल. इथे शंभरदा उतरलेली चेन, आणि रंगावर केसाएवढी रेघ नाही. संध्याकाळी त्यांनी बायकोचा उजवा हात धरून उजेडात नेला. पहिलं बोट काळं, बाकीचा हात स्वच्छ.

"तूच काढतेस ती?"

"हळू बोला," ताई म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पहिल्याच वर्षी सहलीला एक औषधांच्या दुकानवाल्या बाई होत्या, वजनाने भारी आणि स्वभावाने गोड. एका चढावर ताईंनी मायेने विचारलं, "दमलात का? थांबू या जरा?" चार माणसांनी वळून पाहिलं. बाई हसल्या, उतरल्या, सायकल गाडीत चढवायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी घरी निघून गेल्या. "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा," एवढंच म्हणाल्या. ताईंना ती जाणारी पाठ पुढे कित्येक दिवस दिसत राहिली. पुढच्या सहलीत एक रेल्वेतले निवृत्त गृहस्थ तसेच धापा टाकत होते, आणि त्या दिवशी ताईंची चेन खरोखरच उतरली. गृहस्थांना कोण आनंद! धावत आले, सायकल धरली, चार सूचना केल्या, तेवढ्यात श्वास जागेवर आला, आणि वरच्या गावात ते ताठ मानेने शिरले. जेवताना सगळ्यांना सांगत होते, "मी होतो म्हणून बरं."

"तेव्हापासून काढते," ताई म्हणाल्या. "मागे कोणी नसतं, बघणार कोण? दमलेल्याला दमलास का विचारलं की तो जास्त दमतो हो."

"आणि माझं नाक कापलं जातं त्याचं काय?"

"तुमचं नाक चांगलं मोठं आहे. थोडं कापलं तरी उरेल."

मिस्त्री हसले, आणि पुढची वीस वर्षं दिव्याखालचा अंधार मुकाट्याने ऐकत राहिले. माणूस तोही साधा नव्हे.

सहल संपली की लोक अभिप्राय लिहून देत. "मागच्या ताई फार चांगल्या, पण त्यांची सायकल बदला." मालकांनी बदलली. तरी तेच. मालक एके काळी चार सायकली आणि एक पाना एवढ्या भांडवलावर उभे राहिलेले, पण गेली दहा वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. यंदा अभिप्रायांचा गठ्ठा वाचून त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी दोघांना बोलावलं.

"या सहलीत मी स्वतः मागे येतो. माझ्यादेखत एकदा जरी चेन उतरली, तर पुढच्या मोसमापासून मागे गाडी राहील. ताई, तुम्ही ऑफिसात फोन घ्यायचे."

ताई चोपन्न वर्षांच्या. दाराशी सायकल आणि समोर पठार, याशिवाय त्यांना सकाळ माहीत नव्हती. ऑफिसला एकच खिडकी होती आणि ती गोदामाच्या भिंतीवर उघडायची.

घरी मिस्त्री म्हणाले, "सांगून टाक खरं काय ते."

"सांगितलं तर ते पुढच्या माहितीपत्रकात छापतील. आजवर ज्यांनी ज्यांनी माझी सायकल धरली, ते वाचतील की नाही?"

"मग या खेपेला काढू नकोस. सात दिवसांचा तर प्रश्न आहे."

"नाही काढणार," ताईंनी कबूल केलं, आणि मनापासून कबूल केलं.

पहिले तीन दिवस सपाट रस्ता होता. मालक दुकानातून कालच आलेल्या कोऱ्या सायकलवरून ताईंच्या आगेमागे राहिले. मांजर बिळाकडे बघतं तसे ते चेनकडे बघत होते. चेन जागची हलली नाही. चौथ्या दिवशी अकरा वळणांचा चढ आला. वर तटबंदीचं गाव, खाली ऊन. दुसऱ्या वळणावर सगळे पुढे गेले. सहलीत एक ग्रंथपाल बाई होत्या, एरवी सगळ्यात हळू, त्याही पुढे गेल्या. शेवटी उरले मालक, आणि त्यांच्या मागे ताई.

तिसऱ्या वळणावर मालकांचे खांदे कानांना लागले. पुढचं चाक रस्ताभर फिरायला लागलं. गाडीला फोन करता आला असता, त्यांनी केला नाही. थांबले तर वीस माणसांना काय तोंड दाखवणार? मालक म्हणून आले होते, तपासायला आले होते.

ताईंना रागच आला त्यांचा. मनात म्हणाल्या, पडू दे एकदा, कळू दे चढ काय असतो. मग फोनचं टेबल आठवलं. गोदामाची भिंत आठवली. आणि समोरची ती घामाने भिजलेली पाठ बघता बघता औषधांच्या दुकानवाल्या बाईंची पाठ आठवली. ताई उतरल्या. बोट खाली गेलं.

"अहो मालक, थांबा! चेन उतरली!"

मालक असे थांबले की ब्रेकही दचकला असावा. दोन मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटेना, नुसतं चेनकडे बोट दाखवत राहिले. मग जसजसा श्वास परतला तसतसा आवाजही परतला. "वंगण कोण देतं हिला? ही काय निगा म्हणायची?" चेन बसवणं दहा सेकंदांचं काम. ताईंनी पाच मिनिटं लावली. सातव्या वळणावर ती पुन्हा उतरली. दहाव्यावर पुन्हा.

मालक वेशीतून स्वतःच्या पायांवर आत शिरले. ग्रंथपाल बाईंनी टाळ्या वाजवल्या. जेवताना मालक म्हणाले, "चढ काही विशेष नाही. ताईंसाठी तीनदा थांबावं लागलं, नाहीतर केव्हाच पोचलो असतो." उठताना ताईंजवळ येऊन हळूच म्हणाले, "ठरल्याप्रमाणे करावं लागेल, ताई. मलाही वाईट वाटतंय."

"हो," ताई म्हणाल्या.

मुक्कामाच्या खोलीत जाडजूड दगडी भिंती, वीतभर खिडकी आणि दोन खाटा. ताई खाटेवर बसून रडल्या. मिस्त्री शेजारी बसले.

"किती वेळा?"

"तीन."

"त्या माणसासाठी?"

"त्या वेळी तोच मागे होता ना."

मिस्त्रींना बायकोचा राग आला, आणि तिचा तितकाच अभिमानही वाटला. "वेडी आहेस," एवढंच ते म्हणाले.

सकाळी अंगणात मिस्त्री चाकांत हवा भरत होते. मालक बाह्या सरसावून आले. "घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते आज मीच बघतो." त्यांनी ताईंची सायकल उलटी केली. पायडल फिरवलं, सगळे गिअर टाकून पाहिले. चेन मऊ आवाजात फिरत राहिली. मग जुन्या सवयीने त्यांनी फडक्याने फ्रेम पुसली आणि वाकून बघितलं. आणखी वाकले.

"रंग नवा दिलाय?"

"नाही. दोन वर्षांपूर्वीचाच आहे."

मालकांनी रंगावरून अंगठा फिरवला. मग नुसतेच उभे राहिले. तिसरं वळण, सातवं, दहावं. कुठल्या वळणावर आपली काय दशा होती ते त्यांना आठवत असणार, कारण त्यांचे कान हळूहळू लाल झाले. मिस्त्री मूग गिळून पंप मारत राहिले. मालकांनी सायकल सरळ केली, भिंतीला टेकवली आणि निघून गेले.

त्या दिवशीचा चढ लहान होता, पण ऊन कालच्यापेक्षा कडक. ग्रंथपाल बाई आज शेवटच्या. निम्म्या चढावर त्यांचे खांदे वर सरकू लागले. ताईंना आता गमवायचं काही उरलं नव्हतं. त्या उतरल्या, बोट चेनकडे गेलं, आणि तेवढ्यात त्यांच्या मागून हाक आली. बावीस वर्षांत त्यांच्या मागून कधी हाक आली नव्हती.

"अहो, थांबा जरा! माझी चेन उतरली!"

ग्रंथपाल बाई तत्काळ उतरल्या, बाटली काढली, पाणी प्यायल्या आणि लाल चेहऱ्याने खुशीत म्हणाल्या, "काय हो, एवढी कोरी करकरीत सायकल आणि ही गत?"

"काय करणार, बाई," मालक जमिनीकडे बघत म्हणाले. "आमच्या कंपनीच्या सायकलीच अशा."

ताईंनी वळून पाहिलं. मालकांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट काळं होतं. बाई पाण्यात गुंतल्या आहेत असं पाहून ते पुटपुटले, "फोनसाठी दुसरं कोणीतरी बघतो मी, ताई."

ताईंचे डोळे भरून आले. सायकल कडेला लावून त्या खाली आल्या, मालकांची सायकल दोन्ही हातांनी धरली आणि बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "वंगण कोण देतं हो हिला?"