दीर्घिकेच्या गालावरचा तीळ

स्टुडिओवाल्याच्या दुकानातून आजवर एकाही माणसाचा फोटो जसाच्या तसा बाहेर पडला नव्हता. तीळ, मुरूम, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, लहानपणी पायरीवरून पडल्याची खूण, सगळं तो संगणकावर बसल्या बसल्या पुसून टाकी. एकदा तर एका बाईंच्या ओळखपत्राच्या फोटोतून त्यानं हनुवटीवरचा ठसठशीत तीळच उडवला. हा फोटो तुमचा नाही म्हणून कचेरीतून बाईंना परत पाठवलं. त्या भांडायला आल्या, तर हा त्यांनाच ऐकवतोय, "चेहरा सुधारून दिला, त्याचं काही नाही!" शेवटी बायकोनं हातापाया पडून दुसरा फोटो काढून दिला.

असा माणूस पन्नाशीत आकाशाच्या नादी लागला. आता आकाशानं त्याचं काय घोडं मारलं होतं, कोण जाणे. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला त्यानं पत्र्याचं खोपट बांधलं आणि आत दुर्बीण बसवली. दिवेलागणीला ती एखाद्या दीर्घिकेकडे रोखून ठेवायची, की पुढचं सगळं यंत्र करी. दुर्बीण आपली आपण फिरे, कॅमेरा आपला आपण फोटो काढी आणि हा खाली ढाराढूर झोपलेला असे. सकाळी मात्र डोळे चोळत दुकानात येऊन पहिल्या गिऱ्हाइकाला सांगे, "काल फार जागरण झालं."

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच अब्जावधी ताऱ्यांचा पसारा, पण इतका लांब की एका फोटोत नुसता धुरकट पुसटसा डाग दिसतो. असे शेकडो फोटो एकावर एक रचले की त्या डागातून पीळ घातलेले लांब हात हळूहळू वर येतात. दुर्बीण दर फोटोला केसभर सरकते, त्यामुळे कॅमेऱ्याच्या दोषानं उमटलेले ठिपके दीर्घिकेच्या मानानं दर फोटोत वेगळ्या जागी पडतात, म्हणून रचताना ते आपोआप गळतात. एवढं करूनही जो ठिपका उरतो, तो आकाशातलाच. हे या छंदातलं शेंबडं पोरही सांगेल. स्टुडिओवाल्यालाही ते ठाऊक होतं. पण नुसतं ठाऊक असून काय उपयोग? त्याच्या बोटांना तीस वर्षांची खोड होती.

रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये आकाशप्रेमी मंडळाची बैठक भरे. मंडळ कसलं, एकमेकांच्या दुर्बिणीची लांबी मोजणारी टोळी. तिचे म्होरके दाताचे डॉक्टर. दुसऱ्याचं कौतुक करायची वेळ आली की स्वतःचाच दात उपटल्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा. ते स्टुडिओवाल्याला सगळ्यांदेखत 'पासपोर्टवाले' म्हणत. "पासपोर्टवाले, दीर्घिकेला कोट-टाय घातलात का?" हॉल हसे. हाही हसे आणि घरी येऊन जेवणाच्या ताटावर राग काढी. आकाशात काहीतरी आपण सगळ्यांच्या आधी पाहिलं असं एकदा तरी छापून यावं, आणि या दातवाल्याची दातखीळ बसावी, एवढीच त्याची इच्छा उरली होती. यात आकाशाशी काही देणंघेणं होतं, असं मुळीच समजू नका.

एके दिवशी सकाळी तो आदल्या रात्रीची दीर्घिका संगणकावर सजवत बसला होता. शेजारी बायको पासपोर्टचे फोटो कापत होती. तिनं मान वर केली.

"अहो, हा पांढरा ठिपका कसला? मघापासून बघतेय."

"घाण आहे गं."

"तारा नसेल?"

"तू कापते आहेस ते काप."

आणि ज्या ब्रशनं त्यानं गावभरचे मुरूम पुसले होते, त्याच ब्रशनं तो ठिपका पुसला. गाल कसा लख्ख झाला! मग फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकून खाली लिहिलं : 'अस्सल फोटो. जराही हात लावलेला नाही.'

तिसऱ्या दिवशी दाताच्या डॉक्टरांनी ग्रुपवर नगारा वाजवला. त्याच दीर्घिकेत त्यांना एक नवा तारा दिसला होता. एक म्हातारा तारा फुटून भडकला होता, आणि तो त्यांच्या आधी कुणी कळवला नव्हता. ग्रुपवरच असलेल्या, वेधशाळेतल्या प्राध्यापकबाईंनी लगेच विचारलं, याच्या आधीच्या रात्रींचा फोटो कुणाकडे आहे का? असेल तर पहिल्या नोंदीचा मान त्याचा. डॉक्टरांनी क्षणात स्टुडिओवाल्याचा फोटो पुढे केला. 'पासपोर्टवाल्यांच्या फोटोत काहीच नाही. म्हणजे तोवर तारा नव्हताच!'

स्टुडिओवाल्यानं धावत जाऊन संगणकातले मूळ फोटो उघडले. पहिल्यात तारा होता. दुसऱ्यात होता. शेवटच्यातही होता, तिथंच, पिळाच्या टोकाला, ठळक.

"अगंबाई! म्हणजे आधी तुम्हीच!" बायकोनं कातर खाली ठेवली. "पाठवा की मग लगेच."

"आणि काय सांगू? मुरूम समजून पुसला म्हणून?"

"हो, तसंच सांगा. हसतील चार दिवस. नाव तर तुमचं लागेल."

"जराही हात लावलेला नाही असं लिहून बसलोय मी! तो दातवाला जन्मभर सोडेल का मला?"

"तारा मोठा की दातवाला?"

त्याच्या लेखी दातवालाच मोठा होता. एवढ्यात प्राध्यापकबाईंचाच फोन आला. त्या अदबीनं बोलत होत्या. तुमच्या फोटोला फार महत्त्व आलंय, म्हणाल्या. मूळ फोटो असतील ना? त्यावर काही काम केलं होतं का? खरं बोलायची याहून सोपी संधी देवानंही कुणाला दिली नसती. बायको तोंडाकडे बघत उभी होती.

"छे छे," तो म्हणाला. "हात लावायची आपल्याला सवयच नाही. मूळ फोटो मी ठेवत नाही, जागा फार खातात."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की यातलं दुसरं वाक्य अजून खोटं आहे. मग त्यानं ते खरं करून टाकलं. सगळे मूळ फोटो निवडले, पुसले, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. "अहो, नका!" बायको ओरडली, पण तोवर झालं होतं. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. हा धोंडा धुऊन-पुसून घेणाऱ्यांतला.

महिन्याभरानं मंडळाच्या अंकात बातमी छापून आली. शोधाचा मान डॉक्टरांना. खाली एक ओळ याचीही होती, नावानिशी : त्या आधीच्या रात्री यांनी घेतलेल्या फोटोत ताऱ्याचा मागमूस नाही. पडलो तरी नाक वर! गड्यानं ते पान चौकटीत घालून दुकानात टांगलं.

एका दुपारी फोटो काढायला आलेल्या मास्तरांनी केस विंचरता विंचरता चौकट पाहिली. "वा! तारा शोधलात?"

"म्हणजे, आमचंही नाव आहे त्यात," स्टुडिओवाला कॉलर सारखी करत म्हणाला.

"तारा डॉक्टरांनी शोधला," बायको फोटो कापता कापता म्हणाली. "यांना दिसला नाही, म्हणून छापलंय."

मास्तर पोट धरून हसले. "न दिसल्याबद्दल? मग माझंही छापा की!"

स्टुडिओवाल्याचा चेहरा लालबुंद झाला. मला दिसला होता, सगळ्यांच्या आधी माझ्याच कॅमेऱ्यानं पाहिला होता, हे त्याच्या अगदी जिभेवर आलं. पण आता ते कुणाला पटवायचं, तर दाखवायला त्याच्याजवळ काहीही उरलं नव्हतं. तो मास्तरांची हनुवटी धरून फोटोसाठी सरळ करू लागला.