गाई भरवणारे आमचे दाजी

चारचौघांत बोलू नये असं जगात जे जे म्हणून आहे, ते चारचौघांतच आणि तेही खणखणीत आवाजात बोलण्यासाठी देवाने आमच्या दाजींना घडवलं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार नेवासा तालुक्यात, धंदा गाई भरवण्याचा. नायट्रोजनची टाकी मोटरसायकलला बांधून ते वाड्यावस्त्या फिरतात, टाकीतल्या वाफेत हात घालून वळूच्या वीर्याची गोठवलेली कांडी काढतात, कोमट पाण्यात धरतात आणि वळूचं तोंडही न दाखवता गाईला गाभण करतात. आसपासची गावं त्यांना डॉक्टर म्हणतात. आम्ही सासुरवाडीची माणसं मात्र ते दारात दिसले की आधी लहान मुलांना आत पाठवतो.

पहिला धक्का त्यांनी लग्नातच दिला. काष्टीजवळच्या आमच्या गावात मांडव घातलेला, मधे अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली आणि नवरदेवाच्या खिशातला फोन वाजला. कुणीही तो बंद केला असता. दाजींनी उचलला. "गाय माजावर आली? सकाळी दिसली ना? मागनं चिकट तार लोंबती का? काचंवानी हाय का पांढरी? मंग काय घाई न्हाई, संध्याकाळी भरू!" भटजी थांबले. वडिलांच्या मुठीतल्या अक्षता जागच्या जागी गळून पडल्या. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि नवरदेवासकट सगळा मांडव पोटात घ्यावा. अंतरपाटाच्या पलीकडे ताई मात्र खुदकन हसली, आणि खरं सांगायचं तर हे लग्न तिथेच पक्कं झालं.

पुढे त्यांच्या गावातल्या शाळेने त्यांना व्यवसाय मार्गदर्शनासाठी बोलावलं. दहावीच्या विज्ञानात प्रजननाचा धडा आहे, तो "घरी वाचून या" म्हणून गुरुजी दरवर्षी पुढे ढकलत, हे कुणीतरी दाजींना सांगितलं असावं. व्यवसाय राहिला बाजूला, दाजींनी खडू घेतला. "पोरांनो, उसाला आई हाय, बाप न्हाई. टिपरी लावली, डोळा फुटला, झाला नवा ऊस, हुबेहूब आईसारखा. बटाट्याचं बी तसंच. लग्न न्हाई, मानपान न्हाई. पन येक घोळ हाय. आईला रोग लागला तर लेकराला बी त्योच लागतो, कारन दोगं येकच. म्हनून नर आन मादी लागती. दोगांचं मिसळतं, येगळं कायतरी निघतं, येकादं रोगाला पुरून उरतं." इथवर मुख्याध्यापक मान डोलावत होते. मग दाजी उसावरून गाईवर आले, गाईवरून माणसावर आले आणि फळ्यावर आकृती काढू लागले. मी योगायोगाने ताईकडे गेलेलो आणि कौतुकाने पुढच्या बाकावर बसलेलो. मी बाकावर कोरलेली नावं वाचू लागलो. मुख्याध्यापकांनी मधल्या सुट्टीची घंटा वेळेआधी स्वतः बडवली. त्या वर्षी त्या धड्यावरचे प्रश्न मात्र एकाही पोराने सोडले नाहीत म्हणे.

माझं लग्न मामाच्या मुलीशी जवळपास ठरलं होतं. सुपारी फोडायला बसलेल्या बैठकीत, खुद्द मामाच्या तोंडावर, दाजी म्हणाले, "मामा, राग मानू नका, पन आमच्या धंद्यात येका रक्तातली जोडी लावत न्हाईत. वळू सुदिक बदलतो आमी." मामाचा चहा नाकातून आला. आई पदर तोंडाला लावून आत पळाली. बैठक मोडली, मामा दोन वर्षं आमच्याशी बोलला नाही, आणि दाजी निवांत पोह्यांची दुसरी बशी मागत होते. मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की तसा पुन्हा कधी कुणावर चिडलो नाही. पुढे माझं दुसरीकडे जमलं आणि आता बायकोचं तोंड पाहिलं की तो राग आठवत नाही.

अशा या माणसाला एकाच विषयावर बोलताना कधी कुणी ऐकलं नव्हतं. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी ताईला मूल नव्हतं. बायका तिला नवस सांगत, अंगारे देत, बारशाला बोलवायचं टाळत. ताई हसून घ्यायची आणि दाजी मान खाली घालून बूट पुसत बसायचे. दोष ताईत आहे, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. मीही.

गेल्या साली माझ्या बायकोचं डोहाळजेवण होतं. अंगणात झोपाळा सजवलेला, एका बाजूला पुरुषांची पंगत. ताई खण-नारळ घेऊन ओटी भरायला पुढे झाली, तेवढ्यात माझ्या चुलतीने तिचं मनगट धरलं. "तू नगं बाई. तुझ्या हातानं नगं. पयलटकरीन हाय पोरगी." ताई नारळ घेऊन तशीच उभी. आणि पंगतीतून, हातात भाताचा घास घेऊन, दाजी उठले.

"काकू, दोष माझ्यात हाय."

ताई किंचाळली, "अहो, गप बसा! माझी शप्पथ हाय तुमाला!"

"लई पाळली शप्पथ," दाजी म्हणाले, अगदी माजावरच्या गाईबद्दल बोलावं त्या आवाजात. "वळूच्या कांड्या मी दुर्बिणीखाली रोज तपासतो. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझं बी तपासलं. येक बी जित्तं न्हाई. पुण्याला जाऊन पुन्यांदा तपासलं, तेच. हिच्यात कायबी न्हाई. ही म्हनाली, गावाला कळलं तर तुमच्या हातनं गाई कोन भरवील, म्हनून गप बसा. बसलो. आता न्हाई बसत."

भर पंगतीत एखादा पुरुष असं बोलतो, हे आमच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं आणि ऐकलंही नव्हतं. मी तर पुरता हबकलो. चुलतीने मनगट सोडलं. माझी बायको सात महिन्यांचं पोट सावरत झोपाळ्यावरून उतरली आणि तिने ताईपुढे पदर पसरला.

ताईची भीती अगदीच खोटी नव्हती. तीन दिवस दाजींचा फोन वाजला नाही. चौथ्या दिवशी वाजला. माज गेला की पुढचे एकवीस दिवस थांबायचं, तेवढी सवड कुणाच्या गोठ्याला नसते.

डोहाळजेवणाच्या त्या संध्याकाळी मी मोरीपाशी गेलो होतो. ताई ताटं घासत होती, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "ताई, बाकीच्यांचं सोड. मला तरी सांगायचंस."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू कधी विचारलंस?"

मी बाही वर केली आणि तिने घासलेली ताटं एकेक करून विसळायला लागलो.