थोरल्यांच्या शेपटीचा धावदोरा

चष्मेवाल्या काकांच्या दुकानात डोळे तपासायला गेलेला माणूस दोन नंबर घेऊन बाहेर पडतो. एक चष्म्याचा आणि एक सिनेमाचा.

काकांना एका राक्षसाच्या सिनेमांचं वेड आहे. हा राक्षस समुद्रातून वर येतो, चिडलेला असतो, पूल बिस्किटासारखे मोडतो आणि परत समुद्रात जातो. एवढीच गोष्ट तेहेतीस वेळा काढलेली आहे. काकांच्या जन्माआधीपासून हे सिनेमे निघतायत आणि थांबायचं नाव नाही. राक्षसाला काहीतरी लांबलचक नाव आहे, पण दुकानामागेच असलेल्या काकांच्या घरी त्याला 'थोरले' म्हणतात. हे नाव काकूंनी ठेवलं, कारण घरातली जेवणं त्याच्या वेळेप्रमाणे व्हायची.

तेहेतीस म्हटल्यावर गिऱ्हाईक साहजिकच विचारतं, सुरुवात कुठून करायची? काका लगेच सांगत नाहीत. आधी झोप कशी लागते, सिनेमात रडायला चालतं का, पुठ्ठ्याची घरं ओळखू आली तर राग येतो का, अशी चौकशी करतात. मग चिठ्ठीच्या मागे आकडा लिहून देतात. गंभीर माणसाला पहिला. उतावळ्याला अकरावा. नुकतंच भांडण झालेल्याला एकविसावा, त्यात तीन राक्षस आहेत. मला पहिला दिला होता आणि मी कितीतरी दिवस त्या कौतुकात होतो.

फक्त घरात त्यांचं औषध लागू पडलं नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी काकूंना पहिला सिनेमा दाखवला. त्यात थोरले चाळीस मिनिटं येतच नाहीत. तोवर शास्त्रज्ञ टेबलाभोवती बसून काळजी करतात. काकू दहा मिनिटं बसल्या, म्हणाल्या, "पाहुणे आले की हाक मारा," आणि आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर जाऊन बसल्या. त्या कपडे दुरुस्त करून देतात. चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, पोट वाढलेल्यांना विजारी ढिल्या करून देणं. ती हाक मारायचा धीर काकांना पुढे अठ्ठावीस वर्षं झाला नाही. भिंतीच्या अलीकडे थोरले गुरगुरायचे, पलीकडे मशीन.

काकांच्या जोडीला लेक बसायची. गेल्या वर्षी लेकीचं लग्न झालं आणि ती दुसऱ्या गावी गेली. दोनतीन महिने काकूंनी भिंतीपलीकडून एकट्याचं गुरगुरणं ऐकलं. मग एका सोमवारी म्हणाल्या, "रविवारी दुपारी मी बसते तुमच्याजवळ. पण एकदाच हं. कुठून सुरू करायचं ते तुम्ही ठरवा."

झालं. गावभर आकडे वाटणाऱ्या माणसाला घाम फुटला. हा एक आकडा चुकला, तर उरलेलं आयुष्य एकट्याने गुरगुर ऐकायची. त्या आठवड्यात मी दुकानात गेलो तर काकांनी माझ्या नाकावर ती तपासणीची लोखंडी चौकट चढवली, डाव्या डोळ्याची काच उजव्या डोळ्याला लावली आणि विचारलं, तुम्ही तुमच्या बायकोला कुठला दाखवाल? मला समोर काका चार दिसत होते आणि चौघेही काळजीत होते.

शेवटी त्यांना आपला धंदाच आठवला. डोळ्यांचा नंबर तरी आपण कुठे ठरवतो? काचा बदलत जातो आणि विचारतो, हे बरं की हे? रविवारी त्यांनी तीन सीड्या काढून ठेवल्या. प्रत्येकी दहा मिनिटं.

पहिल्याला काकू म्हणाल्या, शास्त्रज्ञाचे पडदे छान आहेत. दुसऱ्यात अवकाशयान आलं आणि काकूंनी घड्याळ बघितलं. काकांनी घाईघाईत तिसरी म्हणून भलत्याच डबीतली सीडी आत घातली. नववा सिनेमा! काका हा कोणालाच लिहून देत नाहीत. निर्मात्याने त्यात इतका हात आखडलाय की समुद्रसुद्धा जुन्या सिनेमातला आहे. थोरले दुसऱ्याच मिनिटाला आले आणि पाठ फिरवून उभे राहिले. काका बंद करायला धावले.

"थांबा," काकू म्हणाल्या. "जरा मागे घ्या."

त्या चष्मा लावून टीव्हीला नाक टेकेपर्यंत पुढे गेल्या.

"शेपटी उसवली होती हो यांची. नुसता धावदोरा घातलाय, तोही घाईत. आणि गुडघ्यापाशी बघा कसा चोळामोळा झालाय. आतल्या माणसाला बसताही येत नसणार." मग वळून त्यांनी विचारलं, "हा पोशाख नवाकोरा होता तो कुठला सिनेमा?"

तेहेतीस सिनेमे तोंडपाठ असलेल्या माणसाला पोशाख जुना होतो हेच ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "मला नाही माहीत गं."

मग दोघांनी मिळून शोधला. सातवा! सातव्यात थोरले कडक इस्त्रीचे होते. आठव्यात बगल फाटली. दहाव्यात पाठीला वेगळ्याच हिरव्याचं ठिगळ आलं, तेव्हा काकूंनी चित्र तिथेच थांबवायला लावलं. अकराव्यात नवा पोशाख आला. तो त्यांना पसंत नाही; खांद्यात झोळ येतो म्हणाल्या. एकदाच बसणार होत्या, त्याला आता सात महिने झाले.

हल्ली दुकानात कोणी विचारलं की काका अजून झोपेची चौकशी करतात. पण आकडा लिहायच्या आत आतून आवाज येतो, "सातव्यापासून बघा. त्यात नवा शिवलाय." गिऱ्हाईक तेच ऐकतं. काका कुरकुरतात आणि सात लिहितात.

परवा रविवारी दुकान बंद व्हायच्या बेतात मी पोचलो. काकांनी चौकट चढवली, काच घातली, हे बरं की हे विचारलं. इतक्यात आतून काकूंनी हाक मारली.

"अहो, पाहुणे आले."

काका तसेच आत गेले. मी चौकट नाकावर घेऊन बसून राहिलो. समोरच्या फळ्यावरची फक्त वरची ओळ दिसत होती. भिंतीपलीकडे थोरले गुरगुरत होते, आणि त्यांच्या पाठीच्या ठिगळावरून दोघांचा वाद रंगला होता.