उजवीकडून जा, दादामियाँ

बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि एकदाही कुणाला खरचटलं नाही, हे दादामियाँ स्वतःची ओळख करून देताना नावाच्याही आधी सांगतात. आणि ते खोटं नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला त्यांना धाराशिवच्या डेपोत मिळाला, तो ते लग्नालाही लावून जातात आणि दवाखान्यातही. डॉक्टरनं छाती तपासायला शर्ट काढायला सांगितला, तर आधी बिल्ला काढून बायकोच्या हातात देतात.

असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचे हाल होतात. बेंबळी गावातल्या घरात ते सहा महिने बसले. बसले कुठले! रोज सकाळी स्टँडवर जायचे आणि नव्या ड्रायव्हरांच्या गाड्यांमागे उभं राहून ओरडायचे, "येऊ दे, येऊ दे, आजून येऊ दे... बास!" ड्रायव्हर लोक त्यांना लांबून पाहिलं की चहा न पिताच गाडी काढायला लागले. शेवटी त्यांच्या बायकोनं, बिबीजाननं, एक दिवस पेपरातली जाहिरात त्यांच्या पुढ्यात टाकली. बोटीवर चालक पाहिजे.

गावापासून तासाभराच्या वाटेवर दोन तलाव आहेत, थोरला आणि धाकटा. दोन्हींच्या मध्ये खडक फोडून काढलेली अरुंद खिंड आहे आणि तिच्यातून एका तलावाचं पाणी दुसऱ्यात जातं. धाकट्या तलावापलीकडच्या वस्त्यांना बाजाराला यायचं तर रस्त्यानं बावीस किलोमीटरचा वळसा पडतो. म्हणून वीस माणसांची नवी कोरी इंजिनाची बोट आली होती. दोन आठवड्यांनी रविवारी तिची पहिली फेरी होती आणि चालकाकडे परवाना हवाच, ही अट होती.

दादामियाँना पोहता येत नव्हतं. पाण्याशी त्यांचा संबंध काय तो नमाजाआधीचा वजू आणि रेडिएटर एवढाच. पण स्टिअरिंग म्हटल्यावर त्यांचे हात शिवशिवले. त्यांनी त्याच दिवशी अर्ज केला.

परवान्याआधी आठ दिवसांचा वर्ग होता. शिकवायला निवेदिता मॅडम होत्या. तुळजापूरच्या शिक्षकाच्या घरातली मुलगी, वय तिशीच्या आत, आवाज मात्र मुख्याध्यापिकेचा. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर बोट काढली आणि म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा. बोटीला ब्रेक नसतो."

वर्गात एकदम गलका झाला. दादामियाँ उठून उभे राहिले. "मॅडम, मग थांबायचं कसं?"

"आधीपासून ठरवून. वेग कमी करायचा, रिव्हर्स टाकायचा. तरीही ती थोडी पुढं जाणारच, हे धरून चालायचं."

मग एकेक नियम आला. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणी बोटीत पाय ठेवायचा नाही. वीस म्हणजे वीस, एकविसावा कितीही मोठा पाहुणा असला तरी काठावर. वल्ह्याची होडी समोर आली की इंजिनवाल्यानं तिला वाट द्यायची. "म्हंजे एसटीनं सायकलला वाट द्यायची म्हना की!" असं म्हणून दादामियाँ एवढ्या जोरात हसले की मॅडमनाही हसू आलं. भोंग्याचे नियम तर त्यांनी एका दमात पाठ केले. खिंडीच्या तोंडाशी एक लांब भोंगा. समोर बोट दिसली आणि आपण उजवीकडं वळलो की एक छोटा. रिव्हर्स घेताना तीन छोटे. समोरच्याचं काय चाललंय ते कळेना किंवा धोका दिसला, तर पाच छोटे. हॉर्न वाजवण्यात आपल्याला कोण काय शिकवणार, असं त्यांना वाटलं.

घोळ झाला तो शेवटच्या नियमात. दोन बोटी समोरासमोर आल्या की दोघांनी आपापल्या उजवीकडं वळायचं.

"डावीकडं," दादामियाँनी मॅडमची चूक दुरुस्त केली.

"उजवीकडं."

"मॅडम, आख्ख्या हिंदुस्थानात डावीकडनं चालत्यात!"

"रस्त्यावर. पाण्यावर साऱ्या जगात उजवीकडून."

दादामियाँ मटकन खाली बसले. बत्तीस वर्षं हाताला एकच शिकवलं होतं आणि आता हाताला सांगायचं की बाबा, तू शिकलास ते विसर. डोक्याला लगेच पटलं. हाताला पटेना. सरावाला तीनदा बोट काढली, तिन्ही वेळा समोरून बोट आली की हात डावीकडं. तिसऱ्यांदा तर बोट थेट काठावरच्या बाभळीत घुसली आणि शिकाऊ मंडळींच्या टोप्या काट्यांना लटकल्या. परीक्षेतही हे झालं की परवाना नाही, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

काठावरून हे बघून सगळ्यांत जास्त हसला तो महांतप्पा. पलीकडच्या वस्तीवरचा हा पन्नाशीचा गडी रोज स्वतःच्या छोट्या इंजिनबोटीतून दुधाचे कॅन खिंडीतून इकडं आणतो. त्याला परवाना मागच्याच महिन्यात पहिल्या फटक्यात मिळाला होता. दादामियाँशी त्याचा दोस्ताना जुना. बोट नव्हती तेव्हा तो कॅन घेऊन एसटीनं यायचा, आणि त्याला उशीर झाला की दादामियाँ टायरात हवा बघायचं निमित्त करून गाडी थांबवायचे. महांतप्पा हे विसरला नव्हता.

इकडं बिबीजाननं पदर खोचला. घराशेजारी एक अरुंद बोळ आहे. ती एका टोकानं बोट म्हणून हातात परात धरून निघायची, दुसऱ्या टोकानं दादामियाँनी यायचं. त्यांच्या घरात बोलणं दखनीत चालतं, भांडण मराठीत. आठ दिवस दोन्ही भाषा जोरात होत्या.

"अजी उधर नक्को! उजवा, उजवा!"

"अगं, कळतंय मला!"

"कळतंय तर परात माझ्या नाकावर का आली?"

शंभर फेऱ्या झाल्या, दोनशे झाल्या. पाचव्या दिवशी दादामियाँ बाजारातही उजवीकडून चालायला लागले. एका मोटारसायकलवाल्यानं त्यांना शिव्या घातल्या, आणि आयुष्यभर डावी बाजू न सोडलेला हा माणूस शिव्या खाऊनही खूश होऊन घरी आला. बिबीजाननं कपाळावर हात मारला आणि नवा कायदा केला, रस्त्यावर डावा, पाण्यावर उजवा.

परीक्षा गुरुवारी होती. सकाळी दहाला दादामियाँ बिल्ल्यासकट हजर. बिबीजान हट्टानं सोबत आलेली, काठावर दगडावर बसली. बोटीत सहा शिकाऊ माणसं प्रवासी म्हणून आणि मागच्या बाकावर वही घेऊन निवेदिता मॅडम. दादामियाँनी प्रत्येकाच्या जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून पाहिला. एकाचा ढिला होता, त्याला झापलं. थोरल्या तलावात वल्ह्याची होडी आडवी आली, तर इंजिन हळू करून तिला अशी अदबीनं वाट दिली की होडीवाला बघतच राहिला. मॅडमची पेन्सिल खुणा करत होती. दादामियाँचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते.

खिंडीचं तोंड आलं. एक लांब भोंगा! काय तो भोंगा! दोन्ही बाजूंच्या कड्यांवर आपटून परत आला आणि कड्यावरची कबुतरं फडफडून उडाली. बोट आत शिरली. दोन्हीकडं काळा खडक, मधे जेमतेम दोन बोटींपुरतं पाणी. आणि पुढच्या वळणावरून महांतप्पाची बोट आली.

हाच तो क्षण. दादामियाँनी दात आवळले, आणि काय सांगावं, हात आपसूक उजवीकडं गेला! बोट झोकात उजव्या कड्याच्या बाजूला सरकली. असा आनंद त्यांना पहिल्यांदा एसटी हाती आली तेव्हाही झाला नव्हता. ओरडावंसं वाटलं. त्या आनंदात एक सेकंद गेला, दोन गेले.

आणि मग त्यांनी समोर पाहिलं. महांतप्पाही त्यांच्याच कड्याकडं वळला होता. दुधाच्या कॅनांनी भरलेली त्याची बोट नाकासमोर सरळ अंगावर येत होती.

दादामियाँच्या तोंडचं पाणी पळालं. उजवा पाय सवयीनं ब्रेक दाबायला गेला आणि फळीवर आपटला. ब्रेक कुठला! डावीकडं वळावं तर महांतप्पाही आता तिकडंच वळेल की काय, कोण जाणे. त्यांना पाठ केलेलं आठवलं. भोंगा! पाच छोटे! दुसऱ्या हातानं रिव्हर्स खाटकन मागं ओढला, आणि तीन छोटे! समोरून महांतप्पाही घाबरून भोंगा दाबत सुटला. खिंडीत नुसता कल्लोळ झाला, कुठला भोंगा कुणाचा हे कळेना. "धरून बसा!" दादामियाँ गरजले. इंजिन गुरगुरलं, मागं पाणी उसळलं, बोट अडखळली, तरी पुढं सरकतच होती. चार हात. तीन हात. महांतप्पानंही रिव्हर्स टाकला. दोन हात. आणि दोन्ही बोटी थांबल्या. अंतर इतकं की महांतप्पाच्या मिशांवरचा घाम दिसत होता.

कुणालाही खरचटलं नव्हतं.

मॅडम उठून पुढं आल्या. चेहरा लाल. "महांतप्पा! तुमची बाजू कुठली? तुम्ही डावीकडं का आलात?"

महांतप्पानं आधी मिशांवरचा घाम पुसला. मग म्हणाला, "अय्यो, मॅडम... दादामियाँचा हात डावीकडंच जातुया, सगळ्यांला ठावं हाय. म्हनलं, आज परीक्षा हाय, माणूस नापास व्हायचा. म्या बी डावीकडं घेतली, म्हंजी दोगं नीट निगून जाऊ. आन् ह्यो बाबा आज उजवीकडं आला!"

प्रवासी हसावं की रडावं या पेचात पडले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. "म्हणूनच नियम असतो. समोरच्याच्या मनात काय आहे, याचा अंदाज पाण्यावर करायचा नाही. तीन महिने तुमचा परवाना बंद. बोट बांधून ठेवा." आणि वहीत खूण करत त्या दादामियाँकडं वळल्या. "तुम्ही पास. वळण बरोबर, भोंगे बरोबर, रिव्हर्स बरोबर. रविवारी पहिली फेरी तुमची."

प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. दादामियाँच्या पाठीवर थापा पडल्या. समोर महांतप्पा कॅनांच्या मधे मान खाली घालून बसला होता. तीन महिने दूध बावीस किलोमीटर फिरून जाणार होतं. दादामियाँनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा भोंग्याच्या बटनाकडं. त्यांना मनापासून वाटलं की गप्प बसावं. परवाना खिशात आला होता, कुणाला काही कळलं नव्हतं, आणि चूक महांतप्पाचीच तर होती.

"मॅडम," ते म्हणाले, "तेवढं खोडा."

"काय?"

"भोंगे बरोबर, हे. उजवीकडं वळलो तवा एक छोटा द्यायचा असतुया. म्या दिला न्हाय. हात उजवीकडं गेला, त्याच्या खुशीत ऱ्हाऊन गेला. दिला असता तर ह्याला तितंच कळलं असतं की म्या कुठं चाललोय."

"मला वाटलं त्या गोंधळात..."

"गोंधळ मागनं झाला. छोटा भोंगा त्याच्या आदी द्यायचा व्हता."

मॅडमनी खूण खोडली. "भोंगा चुकला की नापास. यात मला सूट देता येत नाही, दादामियाँ. पंधरा दिवसांनी परत परीक्षा. महांतप्पा, तीन महिन्यांची बंदी मागं घेते, पण तुम्हीही यांच्यासोबत परीक्षेला बसायचं. तोवर दुधाचे कॅन न्या, माणसं नाहीत. आणि रविवारी मी दुसऱ्या तालुक्यातल्या तलावावरचा चालक बोलावते."

"अवो, कशाला बोललासा?" महांतप्पा कळवळून म्हणाला. "पास व्हता की!"

"तू गप. आदी आपल्या उजवीकडं घे."

महांतप्पानं बोट त्याच्या उजवीकडं घेतली, दादामियाँनी त्यांच्या. एक छोटा भोंगा, समोरून एक छोटा भोंगा, आणि दोन्ही बोटी एकमेकींच्या बाजूनं अलगद निघून गेल्या. परत येताना दादामियाँ बोट चालवत मोठ्यानं हसत होते, आणि प्रवाशांना वाटलं, धक्का बसलाय.

काठ आला. बिबीजान दगडावरून उठून धावत पाण्यापाशी आली. "क्या हुआ जी?"

"नापास!" दादामियाँ बोटीतूनच ओरडले. चेहरा असा की वरात निघाली आहे. "पर उजवीकडं गेला गं! हात आपसूक गेला!"

खाली उतरून त्यांनी तिला सगळं सांगितलं, भोंग्यासकट. बिबीजान ऐकत राहिली. आठ दिवस परात धरून तिचे हात दुखत होते, ती चिडली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. तिनं फक्त विचारलं, "मग रविवारी?"

"रविवारी बोट दुसरा चालवणार. आपण दोघं पाशिंजर."

बिबीजाननं बोटीतल्या बाकांकडं पाहिलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, आणि कुठंही जायचं तर गाडी यांच्या हातात आणि ती मागच्या बाकावर, असंच चाललं होतं. दोघं शेजारी शेजारी बसून कुठं गेल्याचं तिला आठवेना.

"खिडकीकडंची जागा माझी," ती म्हणाली.

"बोटीला खिडकी नसते."

"मग पाण्याकडंची," बिबीजान म्हणाली, आणि त्यांच्या अंगातलं जॅकेट सोडवायला लागली.